अजून न वाजलेली वेळ

"गुंजन, तुझं ते डोकाव मी आज काढून टाकतोय," सुमंत फोनवर म्हणाला, आणि गुंजनचा चहाचा कप तोंडापाशी जाता जाता थांबला.

"काहून?"

"काहून काय? सोमवारी तुझं टूल पारशिवनीच्या मशीनवर टाकलं. मंगळवारपासून तिथल्या पेशंटचं एक नाव इकडे येऊन नाही राहिलं. मी काय समजायचं?"

"तुमच्या सर्व्हरमधेच काही सडलं असन!"

"सर्व्हर सडला असता तर काटोल बंद पडलं असतं, उमरेड बंद पडलं असतं. ते सगळे मस्त चालू आहेत. बंद फक्त पारशिवनी. आणि तुझं टूलही फक्त पारशिवनीत."

समोरचा बरोबर बोलला की गुंजनचं डोकं जास्तच तापायचं. "तुम्हाले पाहता येत नाई तर तसं सांगा ना! माह्या टूलवर काहून ढकलून राहिले?" ती ओरडली. पलीकडून फोन कट झाला.

शेजारी पिको-फॉलच्या मशीनवर बसलेल्या तिच्या आईनं, कौशल्यानं, मान वर न करता विचारलं, "भांडली?"

"नाई."

"मंग ओरडत कोण होतं, कूलर?"

गुंजननं कप आपटला. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांत मे महिन्यात तसंही दोघांनाच बोलायची मुभा असायची, एक कूलर आणि दुसरं आईचं मशीन.

गुंजन सतरा वर्षांची. अकरावीत फिजिक्सच्या सरांनी तिला सांगितलं, "प्रश्न विचारू नको, उतरवून घे," तेव्हा तिनं वही मिटली, दप्तर उचललं आणि जी वर्गाबाहेर पडली ती परत गेलीच नाही. घरी महिनाभर रडारड झाली. मग बाबांनी बोलणं कमी केलं आणि आईनं जुना लॅपटॉप तिच्यासमोर ठेवून म्हटलं, "नुसती बसू नको, एवढंच सांगते." तेव्हापासून ती नुसती बसली नव्हती.

हल्ली लहानमोठ्या सगळ्याच लॅब, दुकानं, ऑफिसं आपलं सॉफ्टवेअर एका बंद डब्यात भरून वापरतात. कंटेनर म्हणतात त्याला, गुंजन सरळ डबाच म्हणायची. सॉफ्टवेअरला जे जे लागतं ते सगळं आतच, अगदी मीठमसाल्यासकट. डबा कोणत्याही मशीनवर ठेवा, चव तीच. सोय मोठी आहे. पण आत काही बिघडलं की फजिती, कारण झाकण घट्ट, मशीन कुठल्या तरी लांबच्या गावी, आणि आत पाहायला साधी फटसुद्धा नाही. लोक सरळ डबा फेकून नवा ठेवतात. काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. गुंजनला हेच सहन व्हायचं नाही. बिघडलं तर बिघडलं, पण काहून बिघडलं?

म्हणून तिनं डोकाव बनवलं. डबा चालू राहतो, झाकण लागलेलं राहतं, आणि आपण घरी बसून आत डोकावतो. दिसतं सगळं, हात मात्र कशालाच लावता येत नाही. ते तिनं मुद्दाम तसं ठेवलं होतं. दुसऱ्याच्या डब्यात बोट घालायचं नाही, एवढं तिला कळत होतं. आणि सगळा कोड तिनं इंटरनेटवर उघडा टाकून दिला होता. ज्याला पाहिजे त्यानं न्यावा, वाचावा, सुधारावा, फुकट. पाचसात अनोळखी लोकांनी तिच्या पानावर येऊन, आवडल्याची खूण म्हणून, चांदणी देऊन ठेवली होती. पण खरंखुरं वापरतंय कोण, तर कोणीच नाही.

पहिला माणूस सुमंत. धंतोलीतल्या एका रक्ततपासणीच्या लॅबचे सगळे कॉम्प्युटर तो सांभाळायचा. त्या लॅबचं पारशिवनीचं सेंटर होतं रामाजींच्या ओसरीत, आणि रामाजी म्हणजे कौशल्याचे मामा. गुंजन त्यांना आबाजी म्हणायची. उन्नती नावाची मुलगी तिथं गावकऱ्यांचं रक्त घ्यायची, नाव कॉम्प्युटरवर टाकायची, नाव तिथून धंतोलीला जायचं, आणि मागोमाग बाराच्या एसटीनं रक्ताच्या नळ्यांची बर्फाची पेटी जायची. आबाजींच्याच घरी एका लग्नाच्या जेवणात गुंजननं सुमंतला डोकावबद्दल सांगून सांगून पकवलं होतं. शेवटी तो म्हणाला, लावून पाहू.

आणि आता हे. मंगळवारपासून उन्नती सगळी नावं फोनवर एक एक करून सांगत होती, इकडे कोणीतरी लिहून घेत होतं. काल दोन बायांचे रिपोर्ट उलटसुलट होता होता राहिले. लॅबच्या मुग्धा मॅडमनी सुमंतला बोलावून जे काय सुनवायचं ते सुनवलं असणार, हे त्याच्या आवाजातच होतं.

गुंजनला सगळ्यात जास्त टोचत होतं ते दुसरंच. खरंच माझ्यामुळेच असलं तर?

तिनं चहा संपवला, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि सुमंतला मेसेज टाकला. सॉरी लिहिलं, खोडलं, मग नुसतं लिहिलं: *काढायच्या आधी मले एकदा पाहू द्या.*

उत्तर आलं: *बाराची गाडी निघेपर्यंत पाहा. गाडी निघाली की डबा पुसून नवा टाकतो. तुझ्या टूलशिवाय.*

एकदा निघालं की परत कोण लावतं? धंतोलीत एकानं काढलं की तो दुसऱ्याला सांगणार, अरे ते शाळा सोडलेल्या पोरीचं टूल ना, त्यानं आमचं सेंटर पाडलं होतं. झालं. मग पाचसात चांदण्या पाहत बसा.

तिनं लॅपटॉप ओढला आणि उन्नतीला फोन लावला.

"उन्नतीताई, एक काम कर ना वं. मी माहं टूल बंद करून राहिली. झालं, बंद. आता एक नाव पाठव."

"पाठवलं." मग जरा वेळानं, "नाई जाऊन राहिलं वं. तेच लाल अक्षरात, नामंजूर."

टूल बंद असतानाही नामंजूर. पण सुमंत म्हणेल, घाण करणारा निघून गेला तरी घाण राहतेच. हा पुरावा त्याला पुरायचा नाही.

"ताई, तुम्ही लोकांनी मशीनले काही केलं का? काही उघडलं, काही टाकलं?"

"सुमंत सरांनी पण हेच विचारलं. काही नाई केलं वं. सोमवारी सर आले, तुहं ते टाकलं, जुना मोठा मॉनिटर आणला होता तो लावून दिला. मले अक्षरं बारीक दिसत होती ना. बास."

"आबाजींनी?"

मागून आबाजींचा आवाज आला, "मशीनले कोणी हात नाई लावला! धूळसुद्धा मी पुसत नाई, उन्नतीच पुसते!"

गुंजननं डोकाव परत चालू केलं आणि पारशिवनीच्या डब्यात डोळे लावून बसली.

डब्यात काय चाललंय ते ओळीओळीनं खाली सरकत येतं. उन्नतीनं नाव टाकलं, एक ओळ. डब्यानं त्याला धंतोलीत शिरायचा पास बनवून दिला, एक ओळ. पास घेऊन नाव धंतोलीला गेलं, एक ओळ. धंतोलीनं म्हटलं नामंजूर, एक ओळ. पुढे काही नाही. काहून नामंजूर, ते धंतोलीचा सर्व्हर सांगत नव्हता. दारावरचा चौकीदार जसा नुसताच हात हलवतो, चल निघ, तसं.

तिनं पासावर बारकाईनं पाहिलं. सही बरोबर. नाव बरोबर. सेंटरचा नंबर बरोबर. मग तिनं मागच्या आठवड्याचा, चांगला चालणारा पास काढून शेजारी ठेवला. दोन्ही सारखेच. तिची नजर एका पासावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर उड्या मारत राहिली. असं असलं की तिला बरं वाटायचं. राग कुठं तरी मागं राहून जायचा आणि नुसती खाज उरायची, डोक्यात, नेमकी कुठं ते सापडत नाही अशी.

"कूलरमधे पाणी टाक वं," आई म्हणाली. "गरम हवा फेकून राहिला."

"पाच मिनिटं."

"तुही पाच मिनिटं माहीत आहेत मले."

गुंजन उठली, दोन बादल्या ओतल्या, ओल्या हातानंच येऊन बसली. उन्नतीला म्हणाली, "अजून एक पाठव," आणि बाराच्या गाडीला किती वेळ उरला ते पाहायला लॅपटॉपच्या कोपऱ्यात नजर टाकली. दहा अठ्ठेचाळीस.

तेवढ्यात नवीन ओळ आली. आत्ता आली, तिच्या डोळ्यांदेखत आली. आणि त्या ओळीवर वेळ होती दहा अठ्ठावन्न.

गुंजननं हात ओढणीला पुसले. परत पाहिलं. कोपऱ्यात दहा अठ्ठेचाळीस. ओळीवर दहा अठ्ठावन्न. जे आत्ता घडलं होतं, ते अजून न वाजलेल्या वेळेला घडलं होतं.

एखाद्या कुलपात चुकून चावी फिरावी तसं तिला झालं.

पण पहिला संशय तिला स्वतःचाच आला, कारण ती वेळ दाखवणारा कोड तिचाच होता. डब्याच्या आत वेळ असते ती परदेशातली, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. सगळ्यांनाच ते माहीत असतं, म्हणून कोणीच त्या आकड्यांकडे पाहत नाही. सुमंतनंही हीच ओळ दहा वेळा पाहिली असेल, पण तिथं पहाटेचे पाच-साडेपाच लिहिलेले. त्याच्याशी भिंतीवरचं घड्याळ कोण ताडून पाहतो? गुंजनला मात्र दर वेळी डोक्यात साडेपाच मिळवायचा कंटाळा. म्हणून तिनं डोकावमधे वेळ नागपूरची करूनच दाखवायची, असं करून टाकलं होतं. लग्नाच्या जेवणात सुमंत त्याच्यावर हसला होता. "हे कशाला? शोबाजी."

आता मिळवताना तिचंच चुकलं असलं तर? साडेपाच तासांऐवजी पाच तास चाळीस मिनिटं?

तिनं तो कोड काढून अक्षर अक्षर वाचला. बरोबर होता. विश्वास बसेना म्हणून आपल्याच लॅपटॉपवर एक रिकामा डबा चालू केला, त्यात डोकावली. वेळ चोख. म्हणजे टूल खरं बोलत होतं. पारशिवनीच्या डब्यातच वेळ पुढे होती.

पण डब्यात घड्याळ येतं कुठून?

हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता, आणि पडला नव्हता याचाच तिला राग आला. पारशिवनीच्या मशीनवर दुसराही एक डबा होता, नळ्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा. वेगळ्या लोकांनी बनवलेला, पहिल्याशी काही देणंघेणं नसलेला. तिनं त्यात डोकावून वेळ पाहिली. तोही दहा मिनिटं पुढे.

दोन वेगळे डबे, आणि दोघंही तेवढेच पुढे.

"अच्छा!" गुंजन मोठ्यानं म्हणाली.

"काय झालं?" आईनं मशीन थांबवलं.

"आई, समज कोणी भाड्याच्या खोलीत राहते. भांडी आपली, गादी आपली, चूल आपली. सगळं आपलं. पण घड्याळ नाई आणलं. तर वेळ कुठं पाहीन तो?"

"मालकाच्या भिंतीवर पाहीन."

"हाव ना! अन् मालकाचंच घड्याळ पुढं असलं तर?"

"तर तोही पुढं," आई म्हणाली. "यात काय अच्छा आहे?"

सगळंच अच्छा होतं. डबा आपल्यासोबत सगळं आणतो, घड्याळ सोडून. ते तो मशीनचं वापरतो. मशीनची वेळ दहा मिनिटं पुढे, म्हणून पासावरची वेळही दहा मिनिटं पुढे. धंतोलीचा सर्व्हर पाहतो तर काय, हा पास अजून बनलेलाच नाही! उद्याच्या तारखेचं तिकीट दाखवून कोणी आज गाडीत चढायला आलं तर कंडक्टर काय करेल? हाकलेल. तेच तो करत होता. शेजारी ठेवलेले दोन पास तिला सारखेच वाटले होते, कारण ते वेगवेगळ्या दिवसांचे. वेळ तर वेगळी असणारच.

आता एकच गोष्ट राहिली. मशीन आपली वेळ इंटरनेटवरून आपोआप घेतं, ते असं चुकत नाही. आणि चुकलंच तर वाकडंतिकडं चुकेल, काही मिनिटं, काही सेकंद. हे बरोब्बर दहा. असा गोल आकडा मशीनचा नसतो, माणसाचा असतो.

तिनं परत फोन लावला. या वेळी थेट आबाजींना.

"आबाजी, मी गुंजन."

"बोल वं माय. जेवली का?"

"आताच कुठं? बरं, मले एक सांगा, तुमच्याकडे किती वाजले?"

आबाजी अगदी सहज म्हणाले, "खरी सांगू का आमची?"

गुंजन खुर्चीतून उठून उभी राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे खरी पाह्यजे असन तर सव्वाअकराले पाच कमी. आमची पाह्यजे असन तर सव्वाअकरा होऊन पाच मिनिटं झाली."

"आबाजी! तुमची वेगळी असते?"

"मंग! माह्या घरी सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं असतात. ओसरीतलं, सैपाकघरातलं, माह्या हातातलं. तो बाराच्या गाडीचा कंडक्टर कोणासाठी थांबते का? मुख्यमंत्र्यासाठी नाई थांबाचा."

"अन् कॉम्प्युटरचं?"

"ते मागं होतं ना. आपल्याले काय माहीत, आधी ते छोटंसं डबडं होतं, त्यात दिसत नव्हतं. सोमवारी त्या सुमंतनं एवढा मोठा स्क्रीन लावला, त्याच्या कोपऱ्यात पाहतो तर काय, दहा मिनिटं मागं! म्हटलं असं कसं चालन? उन्नतीले म्हटलं, कर वं पुढं."

"पण मी विचारलं ना तुम्हाले, मशीनले हात लावला का!" गुंजनचा आवाज चढला. "सुमंतनं विचारलं! तिकडे माहं टूल काढून टाकाले बसला तो, अन् तुम्ही म्हणता—"

"मशीनले कुठं लावला वं? घड्याळ मिळवलं फक्त."

गुंजननं ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. आबाजी खोटं बोलत नव्हते. घड्याळ मिळवणं म्हणजे मशीनला हात लावणं नव्हे. मांजर बाहेर हाकलणं, दिवा लावणं, घड्याळ मिळवणं, ही घरातली कामं. उन्नतीलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. सगळे खरं बोलत होते, म्हणूनच कोणाला सापडत नव्हतं. रागाच्या जागी परत ती खाज आली.

"आबाजी, दहाच काहून? पाच काहून नाई?"

"पाच ठेवली तर माणूस म्हणते, हट्, पाचच तर आहे. पंधरा ठेवली तर डोक्यात बसते की हे खोटं आहे. दहा बराबर. दहा मिनिटात माणूस विसरून जाते की आपणच पुढं केलं होतं."

गुंजनला हसू फुटलं. हा माणूस विसरून जायचंही माप काढून बसला होता.

"बरं, आता कॉम्प्युटरचं मागं घ्या. त्याच्यापायीच नावं अडकली."

"नाई."

"आबाजी, ऐका ना—"

"तू ऐक. दोन वर्षांमागं याच महिन्यात पेटीची गाडी चुकली. बर्फ वितळलं, सगळं रक्त खराब. गावभर फिरून परत सुया टोचल्या. लेकरं मले पाहून गोठ्यात लपत होती. आता ही उन्नती भिंतीकडं पाहते का? दिवसभर त्या स्क्रीनकडं डोळे. तिथं खरी वेळ दिसली की म्हणन, अजून टाइम आहे."

"मी कधी म्हटलं असं?" मागून उन्नती.

"म्हणतं, रोज म्हणतं!"

म्हातारा हट्टी होता, पण चूक नव्हता. मशीनला खरी वेळ पाहिजे आणि माणसाला खोटी. एकाच कोपऱ्यात दोन्ही कशा बसवायच्या? दिसायला पुढचं आणि आतून खरं असं एखादं घड्याळ लिहावं लागेल. लिहिता येईल, पण बाराच्या आत? ती नखं खात बसली.

"गुंजन," उन्नती म्हणाली, "खरी वेळ दिसालेच नको ना?"

"हाव."

"मंग त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावू का? रक्त घेतल्यावर कापसावर लावतो ती?"



"लाव," आबाजी म्हणाले. "जाड लाव. आरपार नाई दिसली पाह्यजे."

"थांबा, आधी वेळ बरोबर करा, मंग पट्टी!" गुंजन ओरडली. "ताई, तारखेवर दाब. तिथं लिहिलं असन, वेळ आपोआप घ्यावी. ते चालू कर."

"केलं."

गुंजन डब्यात डोकावून बसली होती. आणि तिच्यासमोर ते झालं. सरकत येणाऱ्या ओळींवरची वेळ एकदम मागं आली, अकरा एकोणतीसवरून अकरा एकोणीसवर, जणू डब्यातल्या सगळ्यांनी एक पाऊल मागं घेतलं. नवीन ओळ आली. उन्नतीनं नाव टाकलं. डब्यानं पास दिला. पास धंतोलीला गेला.

मंजूर.

मग अजून एक मंजूर. मग लागोपाठ. मंगळवारपासून अडकून पडलेली सगळी नावं दार उघडल्यासारखी धावत सुटली. गुंजन टाळ्या वाजवायला लागली आणि आई "काय झालं, काय झालं" करत सुईधाग्यासकट उठली.

पाठोपाठ सुमंतचा फोन. "काय केलं तू? इकडे मंगळवारची नावं परत येऊन राहिली! फोनवर लिहून घेतलेली होतीच, आता सगळी डबल झाली!"

"मी नाई केलं. मी फक्त पाहिलं." मग तिनं सगळं सांगितलं, कोपऱ्यातल्या वेळेपासून चिकटपट्टीपर्यंत. मग सुमंत हळूच म्हणाला, "थांब. म्हणजे सुरुवात माझ्या मॉनिटरपासून."

"तुमच्या मॉनिटरपासून," गुंजन चवीनं म्हणाली. "अन् तुम्ही डबा पुसला असता ना, तरी काही झालं नसतं. नवा डबापण तेच घड्याळ पाहत बसला असता."

"हो." तो हसला नाही. "मी ती ओळ पाहिली होती. वेळ नाही पाहिली."

"मले म्हणे शोबाजी."

"बरं बाई. काढत नाही मी डोकाव."

गुंजननं मूठ आवळून हवेत हलवली. आईनं पाहिलं, न समजता तीही हसली.

"पण त्यात एक कमी आहे," सुमंत पुढे म्हणाला.

"कमी? आता काय कमी?" मूठ खाली आली, आवाज वर गेला.

"तू योगायोगानं कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं म्हणून सापडलं. नसतं पाहिलं तर? दोन्ही वेळा डोकावसमोर होत्या, तुझ्या मशीनची आणि तिथली. त्यानं स्वतःच ताडून सांगायला पाहिजे होतं, बाबा, हे घड्याळ पुढे आहे."

गुंजनच्या जिभेवर तीन उत्तरं आली. एकही कामाचं नव्हतं, कारण त्याचं बरोबर होतं. डोकावला दिसत होतं आणि ते गप्प बसलं होतं.

"फोनवर नको," सुमंत म्हणाला. "तुझ्या पानावर रीतसर लिहितो. आधी ही डबल नावं निस्तरू दे मला."

गुंजन फोन ठेवून बसून राहिली. तिच्या पानावर तक्रारींसाठी एक जागा होती. कोणीही यावं, काय चुकलं ते लिहावं. पहिल्या दिवसापासून ती जागा रिकामी होती. चुका नव्हत्या म्हणून नव्हे. तक्रार करायला आधी कोणीतरी वापरावं लागतं.

बाराची गाडी गेल्याचा उन्नतीचा मेसेज आला, सोबत फोटो. मॉनिटरच्या कोपऱ्यावर पांढरी पट्टी, एकावर एक तीन थर, आणि शेजारी हाताची घडी घालून उभे आबाजी. गुंजन फोटो पाहून हसत होती तेवढ्यात लॅपटॉप टिंग वाजला.

तक्रार क्रमांक एक. लिहिणारा, सुमंत. *दूरच्या मशीनचं घड्याळ पुढे किंवा मागे असेल तर टूलने पहिल्याच ओळीत सांगावं. पारशिवनी सेंटरला याची खरी गरज पडली.*

तिनं ते परत परत वाचलं. खरी गरज पडली. मग नवीन फाइल उघडली आणि सरसावून बसली. दोन्हीकडची वेळ घ्यायची, वजा करायची, एवढंच. पण मधे इंटरनेटवर जो उशीर होतो, त्याचं काय? तो कोणाच्या खात्यात धरायचा? आणि किती फरक असला की बोलायचं? पाचाला बोललं तर लोक म्हणतील, हट्, पाचच तर आहे.

"गुंजन, ऊठ, जेवाले ये," आतून आईची हाक आली. "एक वाजला."

गुंजननं मान न वळवता विचारलं, "आई, खरा वाजला, का आपला?"

ताटं मांडल्याचा आवाज आला.

"जेवाचा वाजला," आई म्हणाली.